झाडीपट्टी रंगभूमी
झाडीपट्टी रंगभूमी ही पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत प्रचलित असलेली नाट्यपरंपरा आहे. दंडार या लोकनाट्यप्रकारात तिची मुळे आढळतात. धानाची कापणी आटोपल्यावर, साधारणतः दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी तात्पुरत्या मंडपात तिकीट लावून नाटके होतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. गाणी वादकांच्या साथीने रंगमंचावरच गायली जातात. नाटकासाठी गावात पाहुणे येतात व सोयरिकीही जुळतात. त्यामुळे कायमस्वरूपी नाट्यगृहांवाचूनही ही रंगभूमी व्यावसायिकदृष्ट्या टिकून आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.