आतड्यातील जिवाणूंचे एन्झाइम आणि कर्करोगाची इम्युनोथेरपी

इम्युनोथेरपीचे औषध कर्करोगाच्या गाठीला थेट मारत नाही. गाठीने आपल्या टी-पेशींना लावलेला 'ब्रेक' ते काढते आणि मग त्या पेशी गाठीवर हल्ला करतात. पण तेच औषध घेऊन एका रुग्णाची गाठ आटते, दुसऱ्याची आटत नाही. याचे एक कारण आतड्यातल्या जिवाणूंमध्ये असावे, असे आता दिसू लागले आहे.

जिवाणूची कात्री

जिवाणूभोवती जाळीसारखी भिंत असते. वाढताना ही भिंत त्याला सतत तोडावी-जोडावी लागते. त्यासाठी लागणारी कात्री म्हणजे एक एन्झाइम. एन्टेरोकॉकस फेसियम या आतड्यातल्या जिवाणूच्या कात्रीला 'सॅग-ए' म्हणतात. तिने कापलेले भिंतीचे बारीक तुकडे आपल्या प्रतिकार पेशींच्या आतील 'नॉड-२' या संवेदकाला जाणवतात आणि पेशी सावध होतात.

२०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, हा जिवाणू दिलेल्या उंदरांमध्ये इम्युनोथेरपी जास्त लागू पडली. त्याचाच भाऊबंद एन्टेरोकॉकस फेकॅलिस दिल्यावर फरक पडला नाही. मात्र त्याच्यात सॅग-ए घातल्यावर पडला. म्हणजे महत्त्व जिवाणूच्या नावापेक्षा एन्झाइमला. अर्थात हे उंदरांमधले निष्कर्ष आहेत. शिवाय फेसियमच्या काही जाती रुग्णालयात गंभीर, औषधांना न जुमानणारा संसर्ग करतात. त्यामुळे हा जिवाणू 'औषध' म्हणून घेण्याचा प्रश्नच नाही.

आपल्या भागातल्या रुग्णांसाठी

भंडारा-नागपूरकडे खर्‍यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग नवा नाही. इम्युनोथेरपी पूर्वी अशा घरांच्या आवाक्याबाहेर होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, डोके व मानेचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना तोंडावाटे घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आजार पूर्ण बरा होतो असा याचा अर्थ नाही, पण असा कमी डोस आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

उपचार सुरू असताना मेडिकलमधून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका. उपचाराच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी झाल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हे रुग्ण मुळातच जास्त आजारी असण्याचाही त्यात वाटा असू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर मात्र टाळू नका, कारण संसर्ग जिवावर बेतू शकतो. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलही नकोत. त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये त्यांचा फायदा दिसला नाही. डाळी, भाज्या, भाकरी असा तंतुमय आहार घेणाऱ्यांची स्थिती बरी होती. तोंडाच्या जखमांमुळे गिळता येत नसेल तर हेच पातळ करून द्या.

जुलाबांकडे सर्वांत जास्त लक्ष हवे. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधीकधी आतड्यावरच हल्ला करतात. त्या जुलाबांना बहुधा स्टेरॉइड लागते. ते थांबवायची गोळी घेत घरी बसलात तर उशीर होतो. चिखल्यासारख्या गावातून नागपूर गाठायला वेळ लागतो, म्हणून दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जावे लागले, शौचात रक्त दिसले किंवा पोट फार दुखले, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. तुमसरच्या दवाखान्यात आधी गेलात तरी 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे आधी सांगा आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा. शेवटचा डोस होऊन काही महिने झाले असले तरीही.