हरदितसिंग मलिक : वैमानिक, सनदी अधिकारी, दिवाण, राजदूत

हरदितसिंग मलिक (२३ नोव्हेंबर १८९४ – ३१ ऑक्टोबर १९८५) हे पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी एक. पुढे ते सनदी अधिकारी, पतियाळा संस्थानचे पंतप्रधान आणि स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. या परिचयात आम्ही त्यांच्या या सगळ्या वाटचालीची नोंद घेत आहोत.

मलिक यांचा जन्म रावळपिंडीचा. वयाच्या चौदाव्या वर्षी ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि पुढे ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात शिकले. १९१४ मध्ये ते ससेक्स परगण्याकडून क्रिकेट खेळले. त्याच वर्षी युद्ध पेटले. बरोबरीचे विद्यार्थी सैन्यात भरती झाले, पण भारतीय तरुणाला ब्रिटिश सैन्यात अधिकारपद मिळत नव्हते. पदवी घेतल्यावर १९१६ मध्ये मलिक फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डमधील गुरुजींनी ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले. एप्रिल १९१७ मध्ये मलिक रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले.

पगडी उतरवून लष्करी टोपी घालण्यास त्यांनी नकार दिला आणि तो शेवटपर्यंत टिकवला. उड्डाणासाठी पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी खास करवून घेतले.

२६ ऑक्टोबर १९१७ रोजी खराब हवेत ते आपले तुकडीप्रमुख बार्कर यांच्यासोबत शत्रूच्या हद्दीवर गेले. तेथे जर्मन विमानांनी त्यांना गाठले. पायाला गोळ्या लागल्या असतानाही त्यांनी आपले ‘सोपविथ कॅमल’ विमान परत आणून आपल्या बाजूला कसेबसे उतरवले. विमानावर चारशेहून अधिक गोळ्यांच्या खुणा होत्या. पायातल्या दोन गोळ्या डॉक्टरांना काढता आल्या नाहीत; त्या जन्मभर तशाच राहिल्या. बरे झाल्यावर ते इटलीच्या आघाडीवर गेले. पण कॅमलच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल वापरत आणि त्याचा त्यांना त्रास होऊ लागला. म्हणून त्यांना ‘ब्रिस्टल फायटर’ या दुसऱ्या प्रकारच्या विमानावर पाठवण्यात आले.

युद्धानंतर मलिक सनदी सेवेत आले. पंजाबात जिल्ह्याचे काम केल्यावर भारताचे व्यापारी प्रतिनिधी म्हणून ते परदेशी राहिले. १९४४ ते १९४७ या काळात ते पतियाळाचे पंतप्रधान होते. आपल्याकडील जुन्या संस्थानी गावांत ज्यांना दिवाण म्हणत, तेच हे पद. संस्थाने विलीन होण्याच्या तोंडावर ते सांभाळणे सोपे नव्हते. स्वातंत्र्यानंतर ते कॅनडात भारताचे उच्चायुक्त आणि १९४९ ते १९५६ फ्रान्समध्ये राजदूत होते. १९५४ मध्ये पुदुच्चेरी व इतर फ्रेंच वसाहतींचा कारभार भारताकडे आला, तो याच काळात. ज्या देशाच्या जखमी सैनिकांना त्यांनी तरुणपणी गाडीतून वाहिले, त्याच देशात ते आता आपल्या देशाच्या वतीने बोलत होते.

निवृत्तीनंतरही त्यांचे गोल्फ सुटले नाही. पायातल्या गोळ्या घेऊनच ते खेळत राहिले. ‘अ लिटल वर्क, अ लिटल प्ले’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

त्या युद्धातील भारतीय वैमानिक म्हणून मलिक यांच्याबरोबर आणखी तीन नावे घेतली जातात : एरोल सेन, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. सेन युद्धकैदी झाले, पण वाचले. वेलिणकर १९१८ च्या जूनमध्ये आणि रॉय त्यानंतर काही आठवड्यांतच कामी आले. दोघेही ऐन तारुण्यात गेले. मलिक यांना पुढे सहा दशकांहून अधिक आयुष्य लाभले आणि ते त्यांनी एका कामातून दुसऱ्या कामात जात सार्थकी लावले. त्यांचे चरित्र वाचताना वेलिणकरांचे नावही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे, अशी आमची इच्छा आहे.