माणशी एक गळ : 'पेलिकन' नौका आणि गर्दीचा इतिहास

अमेरिकेतील 'लाइफ' साप्ताहिकाने १ सप्टेंबर १९५२ च्या अंकात अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही लघुकादंबरी संपूर्ण छापली. दोन दिवसांत त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. मराठी वाचकाला ही कादंबरी पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे आपलीशी झाली आहे. एक म्हातारा, एक होडी, एक महाकाय मासा आणि भोवती अथांग समुद्र. माणसाच्या एकाकी झुंजीची याहून नेटकी प्रतिमा विसाव्या शतकाच्या साहित्यात क्वचितच सापडेल.

या अंकाच्या बरोबर एक वर्ष आधी, शनिवार १ सप्टेंबर १९५१ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला माँटॉक पॉइंटजवळ 'पेलिकन' नावाची मासेमारीची नौका उलटली. नौकेची लांबी ४२ फूट होती आणि तिच्यावर ६४ माणसे होती. त्यांपैकी ४५ जणांना जलसमाधी मिळाली. तांडेल आणि त्याचा मदतनीस वगळता उरलेले ६२ जण कोळी नव्हते. ती शहरातली माणसे होती. सुट्टीच्या दिवशी माणशी ठरावीक पैसे मोजून समुद्रात गळ टाकायला आली होती.

या दोन तारखांचे जुळणे हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कार्यकारणभाव काढण्याचा आमचा हेतू नाही. मात्र या योगायोगाने एक प्रश्न समोर ठेवला आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते. गळ टाकून बसलेल्या एकट्या माणसाचे साहित्य विपुल आहे. मग खांद्याला खांदा लावून गळ टाकणाऱ्या साठ माणसांचे साहित्य कोठे आहे?

एकट्या मासेमाराची परंपरा इंग्रजीत जुनी आहे. आयझॅक वॉल्टन यांचा 'द कम्प्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ मध्ये, म्हणजे इंग्लंडमधील यादवी युद्धाची धग पुरती विझण्यापूर्वी, प्रसिद्ध झाला. त्यातील गळ टाकणारा माणूस नदीकाठी स्वस्थ बसतो, संवाद करतो, चिंतन करतो. मासा हे त्याला निमित्त आहे. पुढे विसाव्या शतकात झेन ग्रे यांच्यासारख्या लेखकांनी हा माणूस नदीवरून खोल समुद्रात नेला. तेथे चिंतनाची जागा पराक्रमाने घेतली, मासे अजस्र झाले आणि खर्चही. हेमिंग्वे यांची स्वतःची 'पिलार' ही ३८ फुटी नौका १९३४ मध्ये ब्रुकलिनमधील व्हीलर गोदीत बांधली गेली. एक लेखक, चार मित्र आणि एखादा खलाशी यांच्यासाठी ३८ फूट. आणि 'पेलिकन'वर ६४ माणसांसाठी ४२ फूट. आमच्या विषयाचा सगळा सामाजिक आशय या दोन आकड्यांच्या शेजारणीत आहे.

'पार्टी बोट' या शब्दाने मराठी कानाला मेजवानीचा भास होतो. येथे पार्टी म्हणजे केवळ जमाव. तिचे दुसरे नाव 'हेडबोट', कारण भाडे डोईगणिक आकारले जाते. चार्टर नौका संपूर्ण भाड्याने घ्यावी लागते, तिला ऐपत लागते. पार्टी बोटीवर माणूस एकटा येतो, एका जागेचे पैसे देतो आणि अनोळखी माणसांच्या रांगेत कठड्याशी उभा राहतो. काठी स्वतःची नसली तर नौकेवरची भाड्याने मिळते, आमिष नौकेचेच असते. समुद्र खासगी मालमत्ता नसला तरी समुद्रावर जाण्याचे साधन खासगी असते. ते साधन एका दिवसापुरते आणि एका माणसापुरते तुकडे करून विकण्याची ही युक्ती आहे. एकोणिसाव्या शतकाने आगगाडीच्या सहलीबाबत जे केले तेच येथे नौकेबाबत घडले.

या नौकांवरची मासेमारी बहुतांशी तळाची असते. आपल्या किनाऱ्यावर ज्याला गरवणे म्हणतात त्याचीच ही एक जात. तांडेल बुडालेले जहाज किंवा खडकाळ तळ हेरून नांगर टाकतो, किंवा नौका प्रवाहावर सोडून देतो. दोरीच्या टोकाला शिशाचे वजन, त्याच्या आगेमागे गळ, गळाला शिंपल्यातले मांस किंवा माकुळाचा तुकडा. वजन तळाला टेकले की दोरी किंचित सैल पडते. ती आवरून घ्यायची आणि बोटांवर लक्ष ठेवून थांबायचे. डोळ्यांना येथे काम नाही, सगळे वाचन स्पर्शाचे आहे. लहान मासा टोचा मारतो, मोठा ओढ देतो, खडकात अडकलेला गळ नुसताच जड लागतो. माँटॉकच्या पाण्यात उन्हाळ्याच्या अखेरीस पोर्जी आणि ब्लॅक सी बास हे मासे अशा रीतीने मिळतात. त्यांच्याशी झुंज द्यावी लागत नाही. ते रात्री तव्यावर जातात.

या दिवसाला स्वतःची एक समाजव्यवस्था असते. नौकेच्या मागच्या कोपऱ्यातल्या जागांना मान असतो, त्यामुळे जाणकार पहाटेच येऊन तेथे काठी बांधून ठेवतात. सकाळी प्रत्येकाकडून थोडे पैसे गोळा होतात आणि दिवसातला सर्वांत मोठा मासा ज्याचा, त्याला ती रक्कम मिळते. शेजाऱ्याच्या दोरीत दोरी गुंतणे हे येथले नित्याचे भांडण आणि नित्याचीच ओळख. मदतनीस गुंते सोडवतो, नवख्याच्या गळाला आमिष लावून देतो आणि परतीच्या वाटेवर मासे साफ करतो, तेव्हा समुद्रपक्ष्यांचा थवा मागे लागतो. ही माणसे एकमेकांची नावे न विचारता दिवसभर शेजारी उभी असतात. वॉल्टन यांच्या नदीकाठी हे दृश्य असभ्य ठरले असते. आम्हांला मात्र ते महानगराचेच एक रूप वाटते. लोकलच्या डब्यातली जवळीक आणि अपरिचितता पाण्यावर नेलेली.

न्यूयॉर्ककरांसाठी या व्यवसायाचे जवळचे ठाणे म्हणजे ब्रुकलिनमधील शीप्सहेड बे. या खाडीला नावसुद्धा एका माशावरून पडले आहे. माँटॉक मात्र शहरापासून सुमारे शंभरावर मैल दूर. लाँग आयलंड रेलरोडचा मार्ग १८९५ मध्ये तेथवर पोहोचला. फोर्ट पाँड बे या उपसागराकाठी कोळ्यांची वस्ती होती. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने ती उद्ध्वस्त केली आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाने टॉर्पेडोच्या चाचण्यांसाठी तो किनारा घेतला. युद्ध संपल्यावर तेथील धक्क्यावर शौकीन मासेमारांसाठी 'फिशँग्री-ला' नावाचे केंद्र उभे राहिले. जेम्स हिल्टन यांच्या १९३३ च्या 'लॉस्ट होरायझन' कादंबरीतील शांग्री-ला या कल्पित स्वर्गावरून हे नाव बेतले होते. रेल्वेने 'फिशरमेन्स स्पेशल' ही खास गाडी सोडली. पहाटे शहरातून निघालेली ही गाडी नौकांच्या धक्क्याजवळच थांबे. ती पुरती थांबण्याआधीच माणसे उड्या टाकून आवडत्या नौकेकडे धावत, असे वर्णन त्या काळाबद्दल वारंवार आढळते. यंत्रावर किंवा कचेरीत आठवडा काढलेल्या माणसाची ती धाव होती. हातातली सुट्टी मोजकी, पुढची जागा दुसऱ्याने घेतली तर दिवस वाया.

१ सप्टेंबर १९५१ हा लेबर डेला जोडून आलेल्या सुट्टीतला शनिवार. श्रमिकांच्या सन्मानार्थ असलेली ही सुट्टी अमेरिकेत उन्हाळ्याचा निरोप म्हणूनही पाळली जाते. एडी कॅरोल हे 'पेलिकन'चे तांडेल, लोकांच्या आवडीचे. त्यांच्या नौकेवर ६२ माणसे चढली. तिच्यासारख्या नौकेला साधारण निम्मी माणसे झेपली असती, असे नंतर मानले गेले. सकाळी नौका माँटॉक पॉइंटला वळसा घालून अटलांटिकच्या बाजूला गेली. समुद्र खवळू लागला, अनेकांना नौका लागली, तेव्हा दुपारच्या आत कॅरोल यांनी परतीची दिशा धरली. नौकेच्या दोन इंजिनांपैकी एक बिघडले आणि एरवी थोडक्या वेळाची वाट लांबत गेली. दरम्यान वारा ईशान्येकडून जोराने वाहू लागला. ओहोटीचे पाणी पूर्वेकडे ओढत होते. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि पॉइंटजवळच्या उथळ तळावर त्या आणखी उंचावतात. दुपारी दोनच्या सुमारास दोन मोठ्या लाटा लागोपाठ आदळल्या आणि नौका उलटली. किनारा सुमारे मैलभर दूर होता.

गर्दी नौकेला कशी उलटवते हे येथे समजून घेतले पाहिजे. माणसांच्या वजनाने नौका पाण्यात खोल बसते, त्यामुळे कठडा आणि पाणी यांतले अंतर कमी होते. माणसे डेकवर उभी असल्याने एकूण भाराचे केंद्र वर सरकते. नौका कलली की उभी माणसे उताराकडे घसरतात आणि कल वाढवतात. म्हणजे जी माणसे वाचण्यासाठी कठडा धरायला धावतात, त्यांचेच वजन त्यांच्या विरुद्ध जाते. यात कोणाचा भित्रेपणा नाही आणि बेशिस्तही नाही. हे पदार्थविज्ञान आहे आणि ते सकाळी धक्क्यावरच ठरून गेलेले होते.

जवळच्या नौकांनी १९ जणांना वाचवले. कॅरोल मृतांमध्ये होते. उलटलेली नौका ओढत बंदरात आणली, तेव्हा काही मृतदेह आत अडकलेले सापडले. मदतीला धावलेल्यांत फ्रँक मंडस हे तांडेल होते. पीटर बेंचली यांच्या १९७४ च्या 'जॉज' कादंबरीतील शार्कच्या शिकाऱ्याचा नमुना म्हणून पुढे त्यांचेच नाव घेतले जाऊ लागले. म्हणजे माँटॉकच्या त्या धक्क्यावरून लोकप्रिय साहित्याने उचलला तो पुन्हा एकटा शिकारीच. बुडालेल्या पंचेचाळीस जणांसाठी वाचकांना बरीच वाट पाहावी लागली. टॉम क्लेव्हिन यांचे 'डार्क नून' हे 'पेलिकन'च्या अखेरच्या फेरीवरचे पुस्तक २००५ मध्ये आले, घटनेनंतर ५४ वर्षांनी, आणि तेही कादंबरी नव्हे, वृत्तांत.

असे का व्हावे? आम्हांला याची दोन कारणे दिसतात. एक तर शोकांतिकेची आपली कल्पना अजूनही नायकाच्या निवडीभोवती फिरते. हेमिंग्वे यांचा म्हातारा फार दूर जातो, तो त्याचा निर्णय असतो. म्हणून त्याच्या पराभवाला अर्थ येतो. 'पेलिकन'वरच्या माणसाने काय निवडले होते? एक गाडी, एक रांग, एक जागा. दुसरे कारण असे, की या नौकेवर खलनायकही सापडत नाही. तांडेलाने जास्त माणसे घेतली हे खरे, पण त्याला अडवणारा नियम नव्हता. पेट्रोलवर चालणाऱ्या, १५ ग्रॉस टनांखालील अशा नौकांची तपासणी त्या वेळी कायद्याने बंधनकारक नव्हती. माणसे किती घ्यायची हे तांडेल ठरवी आणि धक्क्यावरची गर्दी ठरवी. मृत्यूचे कारण कोणा एकात नसून व्यवस्थेच्या रिकाम्या जागेत असते, तेव्हा कथात्म साहित्य बहुधा अडखळते.

ती रिकामी जागा शेवटी वेगळ्याच प्रकारच्या लेखनाने भरली. 'पेलिकन'सारख्या दुर्घटनांनंतर अमेरिकी काँग्रेसने मे १९५६ मध्ये कायदा केला आणि सहापेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या अशा नौकांची तटरक्षक दलाकडून तपासणी अनिवार्य झाली. नौकेने किती माणसे न्यावीत हे तेव्हापासून प्रमाणपत्रावर लिहिले जाते आणि ते प्रमाणपत्र नौकेवर लावावे लागते. सहा किंवा कमी प्रवाशांच्या नौकांना या व्यवसायात 'सिक्स-पॅक' म्हणतात. हा धंद्यातला शब्दसुद्धा कायद्याच्या त्या सहाच्या आकड्यातून जन्मला. अर्थात आकडाही जुना होतो. २ ऑक्टोबर २००५ रोजी लेक जॉर्ज सरोवरात 'ईथन ॲलन' ही सहलीची नौका उलटून २० जण दगावले. तिची क्षमता माणशी १४० पौंड वजन धरून ठरवलेली होती, प्रत्यक्षातली माणसे त्याहून जड होती. त्यानंतर डिसेंबर २०११ पासून हिशेबासाठी माणशी १८५ पौंड धरले जाऊ लागले. थोडक्यात, माणसाचे सरासरी वजन हीदेखील एक संहिता आहे आणि तिचे पुनर्लेखन करावे लागते.

साहित्याच्या वर्गात आम्ही कायद्याचा मसुदा किंवा चौकशीचा अहवाल संहिता म्हणून क्वचितच वाचतो. त्यांची भाषा रूक्ष असते, कर्ता हरवलेला असतो, प्रतिमा नसतात. पण ज्या अनुभवाला कादंबरीने नायक नाही म्हणून नाकारले, त्याला या रूक्ष भाषेने जागा दिली आहे. तिने मृतांचा गौरव केला नाही, त्यांना मोजले. मोजणे हे भावनाशून्य असते असे आपण सहज म्हणतो. पेलिकनच्या बाबतीत मात्र मोजले न जाणे हेच मरणाचे कारण होते. भाडे डोईगणिक घेतले जात होते, म्हणजे पैशासाठी माणसे मोजली जात होती. त्यांच्या जिवासाठी ती मोजायला आणखी पाच वर्षे लागली.

हेमिंग्वे यांची कादंबरी यामुळे उणी ठरत नाही, ती वाचली पाहिजेच. तिच्या शेजारी नौकेच्या भिंतीवरचे ते प्रमाणपत्रही ठेवून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यावर एक नाव असते आणि एक आकडा. त्या आकड्यामागे पंचेचाळीस माणसांचा एक शनिवार आहे, हे ओळखून तो वाचणारा वाचक घडवणे हेही साहित्याच्या अध्यापनाचेच काम आहे.