तुपांतलें पान

इतिहास म्हटला कीं किल्ले, लढाया, तहनामे आणि वंशावळी ह्यांकडेच प्रथम लक्ष जातें. चुलीवरच्या पातेल्यालाहि इतिहास असतो, आणि तो कधीं कधीं किल्ल्यांहूनहि जुना असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील घरांत लोणी कढवितांना पाळला जाणारा एक साधा रिवाज ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

लोणी चुलीवर चढतें, वितळतें, त्याला फेस येतो, चरचर असा आवाज सुरू होतो. हळूहळू तो आवाज मंदावतो आणि तळाशीं बेरी तांबूस होऊं लागते. नेमक्या त्याच वेळीं धुऊन, पुसून कोरडें केलेलें विड्याचें एक पान पातेल्यांत टाकतात. पान तडतडतें, आक्रसतें, कागदासारखें कुरकुरीत होतें, आणि पातेलें खालीं उतरतें. कोणी पानाऐवजीं तुळशीचीं चार पानें टाकतात, कोणी मेथीचे दाणे, कोणी मिठाचे खडे. असें कां करावयाचें, ह्या प्रश्नाला जुन्या घरांतून बहुधा एकच उत्तर मिळे : सासूबाई तसें करीत असत, म्हणून. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनीं दाखविलें होतें. ही साखळी किती मागें जाते, हा खरा प्रश्न आहे.

तिची एक कडी सुमारें नऊशें वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या ग्रंथांत सांपडते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून हत्तींच्या परीक्षेपर्यंत आणि चित्रकलेपासून मासे पकडण्यापर्यंत नाना विषय त्यांत आले आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन श्रीगोंदेकर ह्यांनीं हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला; पहिला भाग १९२५ सालीं निघाला, दुसरा १९३९ सालीं. राजाच्या अन्नाचें वर्णन करतांना तेथें तूप कसें करावें हें सांगितलें आहे. लोणी ताजें असावें, तें धुवावें, त्यांत पाण्याचा अंश राहूं देऊं नये, मंद आंचेवर कढवावें, आणि पाक पुरा होतांच त्यांत विड्याचें पान टाकून तें उतरावें, असा त्याचा आशय आहे. रत्नागिरीच्या सासूबाईंनीं सुनेला सांगितलें तें आणि चालुक्य राजानें आपल्या ग्रंथांत घातलें तें, ह्यांत फरक तो किती!

ह्याच ग्रंथांत आणखी एक मौजेची नोंद आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असें सोमेश्वर सांगतो. मराठी स्त्रियांच्या ओवीचा हा अत्यंत जुना उल्लेख म्हणून वाङ्मयाचे अभ्यासक त्याकडे आदरानें पाहतात. तुपांतल्या पानाचा उल्लेख त्याच ग्रंथांत आहे, पण त्याची दखल फारशी कोणी घेत नाहीं. वास्तविक उखळाजवळची ओवी आणि चुलीजवळचें पान हीं एकाच घरांतलीं होत. दोन्ही लिहिलीं गेलीं नाहींत, आणि दोन्ही पिढ्यान् पिढ्या टिकलीं.

अशा बारीकसारीक वस्तूंचा इतिहास लिहिणारा एक थोर संशोधक रत्नागिरी जिल्ह्यानेंच दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. परशुराम कृष्ण गोडे ह्यांचा जन्म १८९१ सालीं देवरुख येथें झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत त्यांनीं १९१९ पासून सुमारें चाळीस वर्षें हस्तलिखितांची देखभाल केली, आणि त्याच हस्तलिखितांतून नथ, ज्वारी, दारूकाम, तांबूल अशा वस्तूंचा पूर्वेतिहास खणून काढला. समर्थ रामदासांचे स्नेही रघुनाथ नवहस्त ह्यांच्या ‘भोजनकुतूहल’ ह्या सतराव्या शतकांतील पाकविषयक ग्रंथाची ओळख अभ्यासकांना करून देण्यांत गोडे ह्यांचा मोठा वांटा आहे. ताटांत वाढलेल्या पदार्थालाहि तारीख लावतां येते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

राजाच्या पाकशाळेबरोबरच वैद्यांच्या घरींहि ही विद्या नांदत होती. वनस्पतींचा गुण तुपांत उतरविणें ही आयुर्वेदांतील एक मान्य क्रिया आहे. एक भाग वाटलेली वनस्पति, चार भाग तूप आणि सोळा भाग पाणी किंवा काढा, असें तिचें सर्वसाधारण प्रमाण शार्ङ्गधरानें दिलें आहे. पाणी आटेपर्यंत तें मंदाग्नीवर शिजवावयाचें. तूप सिद्ध झाल्याची खूण म्हणजे फेस शमणें; तेल सिद्ध होतांना मात्र उलट फेस वर येतो. ब्राह्मीघृत, शतावरीघृत हीं अशाच रीतीनें होतात. तूप दुसऱ्याचा गुण घेतें आणि स्वतःचा गुण सोडीत नाहीं, म्हणून सर्व स्नेहांत त्याला चरकानें श्रेष्ठ मानलें आहे. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर पुष्कळशीं सुवासिक द्रव्यें पाण्यांत विरघळत नाहींत, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. घरांतील बाई एक पान टाकते, वैद्य सोळा पट काढा आटवितो. पण मूळ तत्त्व एकच आहे.

राजा पान टाकी तो सुवासासाठीं. रत्नागिरीच्या घरांत त्याला निराळें कारण होतें, आणि तें तेथील परिस्थितीकडे पाहिल्याशिवाय उमगत नाहीं.

कोंकणांत दुधातुपाची सुबत्ता कधींच नव्हती. डोंगरउतारावर चरणारी, पेंढ्यावर राहणारी तेथील लहानखुरी गाय दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर दूध देई. २०१८ सालीं ‘कोंकण कपिला’ ह्या नांवानें ज्या देशी वाणाची रीतसर नोंद झाली, तीच ही गाय. दोन लिटर दुधांत चार टक्के स्निग्धांश धरला, तरी तो अवघा ८० ग्रॅम होतो. लेंकरांच्या वाट्याचें दूध बाजूला ठेवल्यावर जी साय उरे, ती मडक्यांत साठवावयाची, तिला विरजण लावावयाचें, रवीनें घुसळावयाची, वर आलेला गोळा दोन-तीन पाण्यांनीं धुवावयाचा, तेव्हां कोठें आठवड्याला ओंजळभर लोणी हातीं लागे. भातावर तूप वाढावयाचें तें थेंबांनीं मोजून. स्वयंपाकाचा भार नारळावरच असे. तूप हें देवाचें, पाहुण्याचें, बाळंतिणीचें आणि सणाचें.

त्यांतून पाऊस! रत्नागिरीला वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. त्या दमट हवेंत मीठ पाझरतें, पापड सादळतात, आणि तूप नीट कढलें नसेल तर त्याला खंवट वास येतो. गौरी-गणपतीसाठीं थेंबथेंब साठविलेलें तूप ऐन सणाला नासलें, तर दुसरें आणावयाचें कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ह्या जिल्ह्यांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत चाकरीस जाऊं लागले. १८८० सालीं मनीऑर्डरची सोय झाली आणि घरें तिच्यावर चालूं लागलीं. मागें राहिलेल्या स्त्रियांनीं शेत, गाय आणि म्हातारीं माणसें सांभाळलीं. त्यांच्या हातीं रोख पैसा थोडा, दूध थोडें आणि पावसाळा लांब. अशा संसारांत तूप न नासतां टिकविणें ही चैन नव्हती, ती निकड होती. आणि पानाला कांहीं किंमत मोजावी लागत नसे; आगरांत पोफळीवर चढविलेली पानवेल पुष्कळांच्या परसांत होती.

तें एक पान तीन कामें करी. पहिलें काम परीक्षेचें. लोण्यांत सुमारें सोळा टक्के पाणी असतें. तें आहे तोंवर पातेल्यांतील उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाहीं. पाणी सरतांच ती झपाट्यानें चढते. अशा वेळीं टाकलेलें पान तत्काळ तडतडतें. पान नुसतेंच मऊ पडलें तर तूप कच्चें आहे, असें समजावयाचें. जिच्या घरीं उष्णतामापक नव्हता, तिला कानानेंच पाक ओळखतां येई. दुसरें काम सुवासाचें. तिसरें काम टिकविण्याचें. विड्याच्या व तुळशीच्या पानांत युजेनॉल व त्याच्या जातीचीं द्रव्यें असतात. हवेंतील प्राणवायूमुळें स्निग्ध पदार्थ खंवट होण्याची क्रिया तीं मंद करतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भारतांतील दुग्धशास्त्रज्ञांनीं विड्याचें पान व कढीलिंब घालून केलेल्या तुपावर प्रयोग केले, आणि असें तूप खंवट होण्यास अधिक काळ लागतो, असें त्यांना आढळलें. सासूबाईंना कारण सांगतां आलें नाहीं, म्हणून त्यांचें करणें निष्कारण ठरत नाहीं.

अन्य देशांत पाहिलें तरी हीच बुद्धि निरनिराळ्या रूपांत दिसते. तामिळनाडूंत तुपांत शेवग्याचीं पानें घालतात. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज ज्या हबसाणांतून आले, तेथें, म्हणजे आजच्या इथिओपियांत, लोणी कढवितांना मेथी, हळद, वेलदोड्याच्या जातीचें एक बी आणि रानतुळशीसारखीं पानें घालतात. मोरोक्कोंत लोणी ओव्याच्या वासाच्या रानपाल्याच्या पाण्यानें धुऊन महिनेच्या महिने मुरवितात. फ्रान्ससारख्या थंड देशांत मात्र कच्च्याच लोण्यांत कोथिंबिरीसारखा पाला बारीक चिरून आणि लिंबाचा रस पिळून कालवतात. थंड हवेंत कच्चें लोणी कांहीं दिवस राहतें, म्हणून तेथें पाला लोण्यांत गेला; उष्ण हवेंत तें राहत नाहीं, म्हणून येथें तो कढत्या तुपांत गेला. हवामानानें रीत बदलली, हेतु बदलला नाहीं.

नऊशें वर्षें चालत आलेल्या ह्या रिवाजाला धक्का बसला तो गेल्या शंभर वर्षांत. तेलांत निकेलच्या साहाय्यानें हायड्रोजन वायु मिसळून तें तुपासारखें घट्ट करण्याची युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत निघाली. मुंबईंत शिवडी येथें १९३२ सालीं तसल्या वनस्पति तुपाचा कारखाना सुरू झाला, आणि १९३७ सालीं ‘डालडा’ हें नांव घरोघर पोंचलें. तें तूप दिसावयाला रवाळ, भावानें स्वस्त. परंतु अस्सल तुपांत त्याची भेसळ होऊं लागली. गांधीजींनीं १९४६ सालीं ‘हरिजन’ पत्रांतून त्याविरुद्ध लिहिलें. पुढें वनस्पति तुपांत ठराविक प्रमाणांत तिळाचें तेल घालण्याची सक्ती झाली. कारण तिळाचें तेल रासायनिक परीक्षेंत लाल रंग दाखवितें आणि भेसळ उघडकीस येते. जी परीक्षा पूर्वीं डोळ्यांनीं, नाकानें आणि कानानें होत असे, ती आतां प्रयोगशाळेंत गेली.

दुसरा बदल हिताचा होता, तरी त्याचाहि परिणाम झाला. १९४६ सालीं आणंद येथें खेडा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला आणि १९७० नंतरच्या धवलक्रांतीनें शहरांतील घरोघर दूध पोंचविलें. ज्या मुलांना थेंबानें तूप मिळे, त्यांच्या नातवंडांना तें चमच्यानें मिळूं लागलें, ही लहान गोष्ट नव्हे. पण पिशवींतील टोन्ड दुधांत स्निग्धांश तीन टक्केच असतो. त्यावर साय धरते ती पातळ. तूप डब्यांतून तयार येतें. लोणी कढविण्याचा प्रसंगच आला नाहीं, तर पान टाकावयाचें कशांत? ओवी पुस्तकांत उतरविली गेली, म्हणून जातें थांबल्यावरहि ती वाचली. हाताची विद्या अशी वाचत नाहीं. करणारीच्या शेजारीं उभें राहून ती पाहावी लागते, आणि एक पिढी उभी राहिली नाहीं कीं ती तेथेंच खुंटते.

सुदैवानें ही विद्या अवघड नाहीं. अधिक स्निग्धांशाच्या दुधाची साय आठ दिवस थंड जागीं सांठवावी, विरजण लावावें आणि घुसळावी. लोणी स्वच्छ पाण्यानें, तें नितळ निघेपर्यंत धुवावें. जाड बुडाच्या पातेल्यांत मंद आंचेवर ठेवावें. अर्धा किलो लोण्याला विड्याचें एक मोठें पान पुरे. तें पुरतें कोरडें असावें, नाहींतर तूप अंगावर उडतें. आवाज मंदावला, बेरी तांबूस झाली, कीं पान टाकावें. तें तडतडून कुरकुरीत होतांच आंच बंद करावी आणि कोमट झाल्यावर तूप गाळून कोरड्या बरणींत भरावें. एवढ्या लोण्याचें सुमारें चारशें ग्रॅम तूप होतें. उरलेल्या बेरींत साखर मिसळली कीं ती मुलें आवडीनें खातात.

हें करतांना घरांतील वडील स्त्रीला जवळ बसवावें आणि पान केव्हां टाकावयाचें हें तिलाच विचारावें. घड्याळाकडे न पाहतां, पातेल्याच्या आवाजाकडे कान देऊन ती ‘आतां’ म्हणेल. तो क्षण सोमेश्वराच्या ग्रंथांतहि नुसता सांगितलेला आहे. तो ओळखावयाचा कसा, हें तिच्याजवळ आहे.