दिवसाउजेडीचा दिवा

वाशिम जिल्ह्यातील वाटांनी पूर्वी कारंज्याच्या बाजाराकडे कापसाच्या बैलगाड्या रात्ररात्र चालत आणि त्यांच्या साट्याखाली कंदील हेलकावत असे. वाट बैलांच्या अंगवळणी पडलेली असे आणि गाडीवानाचा डोळा अनेकदा लागलेला असे. म्हणून तो कंदील मुख्यतः समोरून वा मागून येणाऱ्यास ‘येथे गाडी आहे’ हे कळविण्यासाठी होता.

मोटार आल्यावर दिव्याचे हे कर्तव्य मागे पडले. कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे आणि त्यांच्यामागून आलेले विजेचे दिवे यांचा सारा रोख रस्ता उजळण्याकडे होता, आणि उन्हात दिवा जाळणे ही निव्वळ उधळपट्टी ठरली. तिला प्रथम कायद्याची मान्यता दिली ती जेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगतच रेंगाळतो त्या उत्तरेकडील देशांनी : फिनलंडने १९७२ साली ग्रामीण रस्त्यांवर हिवाळ्यापुरती, स्वीडनने १९७७ साली बारमाही. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून नव्या मोटारींना दिवसाही आपोआप लागणारे दिवे सक्तीचे केले आणि २०११ साली युरोपीय संघाने तोच मार्ग धरला.

आज ज्यास आपण डीआरएल (डेटाइम रनिंग लॅम्प) म्हणतो त्या दिव्याची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. इंजिन सुरू होताच तो आपोआप लागतो, आणि मुख्य दिवा लावला की विझतो किंवा मंदावतो. प्रारंभी काही मोटारींत दोन्ही मुख्य दिवे एकाच मंडलात एकामागून एक जोडून प्रत्येकास निम्माच विद्युत्‌दाब देत. आता एलईडीमुळे अत्यल्प विजेत काम भागते. युरोपीय नियमानुसार त्याची तीव्रता ४०० ते १,२०० कँडेला असावी लागते, म्हणजे तो दुरून दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपवीत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सतत जळू लागला, तेव्हा समोरून येणारा प्रत्येक भला माणूस बोटांची उघडझाप करून ‘दिवा चालू राहिला’ अशी खूण करी. त्या आस्थेबद्दल मला आजही आदर वाटतो. वैशाखाच्या रखरखीत उन्हात या दिव्याचा प्रभाव उणावतो हे खरे. परंतु मालेगाव-मेडशीच्या वळणांवर, झाडांच्या कवडशांत किंवा श्रावणाच्या अंधारलेल्या दुपारी तो येणाऱ्या वाहनाची वर्दी वेळेवर देतो, आणि म्हणून मी त्यास निःसंशय उपकारक मानतो.

मात्र एक वैगुण्य गंभीर आहे. पुष्कळ मोटारींत डीआरएलबरोबर मागचे तांबडे दिवे लागत नाहीत. पुढे उजेड दिसल्यामुळे चालक निश्चिंत राहतो आणि संधिप्रकाशात वा पावसात त्याची पाठ काळोखी राहते. साट्याखालच्या कंदिलाचा उजेड मागच्यालाही दिसत होता. तेव्हा आभाळ भरून आले किंवा दिवस कलला की चालकांनी मुख्य दिव्याची कळ स्वतः फिरवावी, आणि सोयाबीन घेऊन बाजार समितीकडे निघालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे तांबडे परावर्तक लावलेले असावेत.