वैद्यकीय प्रयोगशाळांतील ज्वालाग्राही द्रवांचा साठा

हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे ऊतकांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागात, ऊतकातील पाणी काढून टाकण्यासाठी वाढत्या तीव्रतेचे इथेनॉल आणि त्यानंतर मेण आत शिरावे म्हणून झायलीन वापरले जाते; रक्ताच्या काचपट्ट्या रंगवणाऱ्या लीशमन रंजकात मेथनॉल असते, तर जंतुपरीक्षेत ॲसिटोन व आम्लयुक्त अल्कोहोल लागते. वैद्यकीय प्रयोगशाळेतील आगीचा धोका मुख्यतः या मोजक्या द्रवांभोवती असतो, आणि ते रोजच्या वापरातले असल्यामुळे त्यांच्या बाटल्या कपाटात परत न जाता कामाच्या टेबलावरच साठत जातात.

द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ ज्या किमान तापमानाला जमते, त्या तापमानाला प्रज्वलनांक किंवा फ्लॅश पॉइंट म्हणतात. तो ॲसिटोनचा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, मेथनॉलचा ११, शुद्ध इथेनॉलचा सुमारे १३ आणि झायलीनचा, त्यातील घटकांच्या प्रमाणानुसार, साधारण २५ ते ३० अंश असतो. थंड प्रदेशातील २० अंशांच्या खोलीत झायलीन त्यामानाने सौम्य ठरते. परंतु विदर्भातील उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या किंवा वीज गेलेल्या खोलीचे तापमान ३५ अंशांपलीकडे जाते तेव्हा तेच झायलीन आपला प्रज्वलनांक ओलांडून बसलेले असते, ही गोष्ट परदेशी पुस्तिकांवरून नियम उतरवून घेताना सहज निसटते. शिवाय या द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती टेबलावरून उतरून जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीने पेटल्यास ज्योत उलट बाटलीपर्यंत येते. म्हणून केवळ छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसवणे पुरेसे नसते.

भारतात या साठ्यासाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. झायलीन हे द्रवरूप हायड्रोकार्बन असल्याने ते पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांच्या कक्षेत येते व त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम तथा स्फोटके सुरक्षा संघटना करते. २३ ते ६५ अंशांदरम्यान प्रज्वलनांक असलेल्या ‘ब’ वर्गातील द्रवाचा २,५०० लिटरपर्यंतचा साठा, एका पात्रात १,००० लिटरहून अधिक नसल्यास, परवान्याविना ठेवता येतो. २३ अंशांखालील ‘अ’ वर्गातील, विक्रीसाठी नसलेल्या साठ्याची मर्यादा मात्र ३० लिटर आहे. रुग्णालयातील प्रयोगशाळा २,५०० लिटरच्या जवळपासही जात नसल्याने झायलीनच्या बाबतीत तिला परवान्याची गरजच पडत नाही, आणि येथेच सर्वांत गंभीर गैरसमज होतो: परवाना लागत नाही याचा अर्थ साठा सुरक्षित आहे असा घेतला जातो. शेजारच्या खोलीत हलवता न येणारे रुग्ण असताना दहा-वीस लिटरही पुष्कळ असतात. इथेनॉलच्या साठ्यावर महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, पण त्याचा रोख मद्य म्हणून होणाऱ्या गैरवापराकडे असतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलै महिन्यात, परवानाधारक संस्थेकडून घेतलेले, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. ते मुख्यतः इमारतीतील यंत्रणेविषयी असल्यामुळे बाटल्यांची नोंदवही ठेवण्याचे काम प्रयोगशाळेलाच करावे लागते.

साठ्यासाठी अमेरिकेच्या एनएफपीए ३० या मानकातील पोलादी कपाटाला दुहेरी पत्रा, मध्ये सुमारे ४ सेंटिमीटरची पोकळी आणि सांडलेला द्रव आतच राहावा म्हणून सुमारे ५ सेंटिमीटर उंच उंबरठा असतो. युरोपीय मानकात कपाटे आगीत किती वेळ टिकतात यावरून १५, ३०, ६० व ९० मिनिटे असे वर्ग केले आहेत. कपाट घेता आले नाही तरी टेबलावर एका दिवसापुरताच द्रव ठेवण्याची शिस्त पैशांशिवाय पाळता येते, आणि इतर कोणत्याही एका उपायापेक्षा ती धोका अधिक कमी करते. घरगुती फ्रिजमध्ये हे द्रव कधीही ठेवू नयेत, कारण त्याच्या थर्मोस्टॅटमध्ये आणि दिव्याच्या बटनात ठिणगी पडते व बंद पेटीत साठलेली वाफ स्फोटासारखी पेटते.

क्षयरोगाच्या निदानासाठी झील-नील्सन पद्धतीने थुंकीची काचपट्टी रंगवताना रंजक वाफाळेपर्यंत ज्योतीने तापवावे लागते आणि पुढच्याच टप्प्यात, रंग उतरवण्यासाठी, आम्लयुक्त अल्कोहोल वापरण्याची पद्धतही रूढ आहे. तशा ठिकाणी ज्योत विझवल्यानंतरच बाटली उघडणे हा त्या टेबलावरचा पहिला नियम असावा. झायलीन विजेचे दुर्वाहक असल्याने मोठ्या धातूच्या पात्रातून ओतताना स्थिर विद्युत साठते, म्हणून दोन्ही पात्रे तारेने जोडून भूसंपर्कित करतात. झायलीन पाण्यावर तरंगत असल्याने पेटलेल्या झायलीनवर पाणी मारल्यास आग पसरते, तर इथेनॉल पाण्यात मिसळत असल्याने साधा फेस त्यावर टिकत नाही. दोन्हींसाठी कोरड्या रासायनिक पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक दाराजवळ ठेवतात. वापरलेले झायलीन सिंकमध्ये ओतल्यास त्याची वाफ सांडपाण्याच्या नळांतून इतर खोल्यांत पोचू शकते, त्यामुळे ते झाकणबंद, लेबल लावलेल्या डब्यात वेगळे जमवून रासायनिक कचरा म्हणून अधिकृत संस्थेकडे द्यावे लागते, आणि तो डबा नेला जाईपर्यंत तोही साठ्यातच मोजावा लागतो.