विकाऊ घर आणि सामाईक भिंत

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज म्हणत आले. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटले नाही. बांधण्याचा अनुभव घेण्याजोगा. विकण्याचा प्रसंग न येवो तर बरा, अशीच त्यामागची भावना असावी. पण काळ कोणासाठी थांबत नाही. पणजी शहरात, आल्तिनची टेकडी आणि ओरें खाडी यांच्यामध्ये वसलेल्या फोंताईनश या जुन्या भागात आता ‘ऐतिहासिक घर, आधुनिक सोयींनी युक्त, विकणे आहे’ अशा आशयाची जाहिरात निघाली, तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. या जाहिरातीत ऐतिहासिक, आधुनिक आणि विकणे असे तीन शब्द आहेत. तिन्ही नीट तपासून पाहिले, तर घर म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होण्यास मदत होईल.

प्रथम ‘ऐतिहासिक’ हा शब्द घेऊ. पोर्तुगिजांची मूळ राजधानी आज जुने गोवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरीत होती. रोगराईने ती नगरी हळूहळू ओस पडली आणि १७५९ साली विजरईने आपले निवासस्थान पणजीस हलविले. तेव्हाची पणजी म्हणजे दलदल, वाळूचे उंचवटे आणि माडांच्या बागा. ज्या जागेवर पुढे फोंताईनश उभे राहिले, तेथेही अठराव्या शतकात माडांची बागायत होती. मोझांबिकमध्ये धन मिळवून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेरा या गोमंतकीयाने ती लावली, असे सांगतात. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून या भागास नाव मिळाले. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने दलदली बुजवून रस्ते आखले आणि १८४३ साली पणजीस ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्यास आज आपण जुने म्हणतो, ते त्या काळी अगदी नवे होते; आणि त्याच्या मुळाशी परदेशात कमावलेला पैसाही होता. नवा पैसा येऊन जुन्या जागेचे रूप पालटते, ही तक्रार या भूमीस नवी नाही.

दुसरा शब्द ‘आधुनिक’. येथील घरे कधीच एका रूपात गोठून राहिली नाहीत. काच महाग होती, तेव्हा खिडक्यांच्या लाकडी चौकटींत पातळ, चपटे शिंपले बसवीत. त्यांतून दुधाळ उजेड घरात येई आणि ऊन मात्र बाहेर राही. पुढे काच आली आणि शिंपले मागे पडले. मंगळूर येथे १८६५ साली बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर कुंभाराच्या हाताच्या नळीच्या कौलांची जागा एकसारख्या चपट्या कौलांनी घेतली. वरच्या मजल्याच्या सज्जांना लोखंडी कठडे लागले. मग वीज आली, नळ आला. यांपैकी कोणत्याही सुधारणेने घराचे घरपण नाहीसे झाले नाही. तेव्हा जुन्या घरात नवे स्नानगृह किंवा वातानुकूलन यंत्र आले, एवढ्यावरून नाक मुरडणे योग्य नव्हे.

परंतु एक सुधारणा निराळी आहे, आणि ती डोळ्यांस सहसा दिसत नाही. या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो. तरी तो अंगाने सच्छिद्रच राहतो. पणजीस वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतीत मुरलेले पाणी चुन्याच्या गिलाव्यातून पुन्हा हवेत निघून जाते. पावसाळा सरला की घरास नव्याने रंग देण्याची जी जुनी चाल होती, तिने भिंतीची निगाही आपोआप राखली जाई. आता त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण पाण्याची वाट बुजते. ओल आतच कोंडते आणि मिळेल तिकडून बाहेर पडू पाहते. फोंताईनशमध्ये कितीतरी घरे ओळीने एकमेकांस टेकून उभी आहेत. दोन कुटुंबांच्या मध्ये एकच सामाईक भिंत. एकाने चकचकीत गिलावा केला की ओलीचा डाग शेजाऱ्याच्या माजघरात उमटू शकतो. हा भाग आज संवर्धनक्षेत्रात मोडतो आणि घराच्या बाह्य रूपात फेरफार करण्यास परवानगी लागते; पण भिंतीच्या आत कोंडलेले पाणी कोणाची परवानगी मागत नाही.

तिसरा शब्द ‘विकणे’. गोव्यात तो उच्चारणे सोपे, आचरणे कठीण. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० मध्ये लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचे कुटुंबविषयक नियम चालू राहिले. वारसाहक्काच्या तरतुदींची नव्याने मांडणी करणारा गोव्याचा स्वतःचा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. तत्त्व मात्र तेच राहिले. पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक धरली जाते, आणि मृत्युपत्र केले तरी संततीस अर्ध्या मिळकतीपासून वंचित करता येत नाही. म्हणून चार विवाहित भावंडांचे घर असेल, तर खरेदीखतावर बहुधा आठ सह्या लागतात. एक भाऊ मुंबईस, दुसरा लिस्बनला, बहीण आफ्रिकेत, अशी कुटुंबे गोव्यात थोडी नाहीत. सह्या जमेपर्यंत कौले सरकतात, वासे कुजतात. खरेदीखतात नगरमापनाचा चलता नंबर येतो, चतुःसीमा येतात आणि पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याचे घर, असे लिहिले जाते. कायद्याच्या लेखी ते शेजारी केवळ सीमा दाखविण्यापुरते असतात. वास्तविक त्यांच्याच आधाराने ते घर उभे असते.

येथे जुन्या गोव्याकडे पुन्हा एकदा पाहावे. तेथील माणसे निघून गेली आणि वाडे रिते झाले; मग त्याच पडक्या वास्तूंचे दगड पणजीच्या बांधकामासाठी वाहून आणण्यात आले. आधी माणूस गेला आणि त्याच्या मागून भिंत गेली. फोंताईनशच्या भिंती आज रंगवलेल्या आहेत, रस्त्यांवर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी आहे. इतकी की आपल्या उंबरठ्याशी उभे राहू नका, अशी विनंती रहिवाशांना करावी लागते. तरीही विकले गेलेले घर वर्षातून दोन आठवडे उघडत असेल, तर उरलेल्या पन्नास आठवड्यांत त्याचे गळते कौल कोण पाहील?

म्हणून घेणाऱ्याने जरूर घ्यावे, विकणाऱ्यासही दोष देऊ नये. आठ सह्यांचे घर कुजत ठेवण्यापेक्षा ते नांदत्या हाती जाणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र किल्ली हाती आल्यावर नव्या धन्याने प्रथम शेजारच्या दारी जावे आणि सामाईक भिंतीची चौकशी करावी. खरेदीखतात न लिहिलेली, तरीही किमतीबरोबर पदरात आलेली अशी ती एकच जबाबदारी आहे.